तिसऱ्या हाकेचा माणूस

कुशाबा उतेकर मुंबईत सोळा वर्षं राहून काय शिकून आला, असं माचवाडीत कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच मिळायचं, "झांज."

"झांज नाय रे, जाझ," कुशाबा सांगायचा.

"तेच ते," शेजारचा कोंडाजी म्हणायचा. "मुंबईवाले नाकात बोलत नाय, येवढाच फरक. पन काय रे कुशाबा, आमचा मोरू आरतीला उभ्या उभ्या झांज शिकला. तुला सोळा वर्षं लागली?"

वाडी पोट धरून हसायची. कुशाबाही हसायचा, कारण खरी गोष्ट कोंडाजीच्या थट्टेहून वाईट होती. सोळा वर्षांत ती विद्या त्याला आलीच नव्हती. का आली नव्हती, याचं कारण मात्र मुंबईत नव्हतं. ते माचवाडीतच, हाकेच्या धोंड्यापाशी होतं.

माचवाडी म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेवर बसलेली पंधरा घरं. समोर दरी, आणि दरीपलीकडे तेवढीच दुसरी वाडी. तिकडे चालत जायला अर्धा दिवस लागायचा, पण बोलायला एक श्वास पुरायचा. वाडीच्या टोकाला एक काळा धोंडा होता, त्यावर उभं राहून लोक पलीकडे हाका मारत. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा जावई आला, सगळ्या बातम्या दरीवरून उडत जायच्या. पण नियम एक होता. तिकडून आपल्या नावानं हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच.

"माणूस गरजवंत असतो, तो तीनदा हाक मारतो," कुशाबाची आई गोदूबाई सांगायची. "जे बाहेरचं असतं, त्याला दोनच हाका असतात. तिसरीला त्याचा दम पुरत नाय."

कुशाबाचा चुलता भैरू यानं हा नियम एकदाच मोडला होता. श्रावणातली दुपार, दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली, आणि भैरूच्या नावानं हाक आली. त्यानं पहिल्याच हाकेला "ओ" दिली, धुक्यात उतरला, आणि दिवस कलता कलता परत आला. अंगावर ओरखडा नव्हता. जेवला, पान खाल्लं, गुरं बांधली. फक्त त्या दिवसापासून तो कुणी हाक मारायच्या आधीच "ओ" म्हणायचा. बायकोच्या मनात नुसतं आलं, की ह्यांना पाणी आणायला सांगावं, की पडवीतून "ओ" यायची. असा तो अकरा वर्षं जगला. "भैरू आला," गोदूबाई म्हणायची, "पन आला तो भैरू नव्हं." आणि मग सात वर्षांच्या कुशाबाला पोटाशी घट्ट धरायची. त्या मिठीतून जो धडा हाडात शिरला, तो पुढे मुंबईच्या बापालाही काढता आला नाही.

चौतीस साली कुशाबा दासगावच्या बंदरातून मुंबईला गेला आणि एका बड्या हॉटेलात लागला. काम पितळ घासायचं. घरी बायको बयाबाई हंडे घासायची, हा मुंबईत वाद्यं घासायचा. संसार असा दोन्हीकडून चकचकीत चालला होता. हॉटेलात साहेबलोकांच्या नाचाला बँड होता आणि बँडचा म्होरक्या होता बोस्त्यांव मास्तर, गोव्याचा, पोटानं ढोल आणि ओठानं ट्रम्पेट. घासलेलं ट्रम्पेट कुशाबा तोंडाला लावून बघतो, हे त्यानं एकदा पाहिलं. रागावण्याऐवजी त्यानं शिकवायला घेतलं.

सूर कुशाबाला झटकन आले. तीनदा ऐकलेली कुठलीही चीज तो चौथ्यांदा जशीच्या तशी वाजवायचा, मास्तरच्या खोकल्यासकट. अडलं ते पुढे. जाझ म्हणजे कागदावरचं वाजवणं नव्हे. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं त्याच क्षणी मनातला जवाब द्यायचा. आपल्याकडे सवाल-जवाबाच्या सामन्यात शक्तीवाले आणि तुरेवाले गाऊन देतात तसा, फक्त शब्दांशिवाय. मास्तर चार सूर टाकायचा आणि कुशाबाकडे बघायचा. कुशाबा ट्रम्पेट ओठाला लावून उभा. मास्तर पुन्हा तेच टाकायचा. कुशाबा उभा. तिसऱ्यांदा टाकेपर्यंत बाकीचा बँड पुढच्या गाण्यात पोचलेला असायचा.

"तू किसकी राह बघतो, मॅन?" मास्तर ओरडायचा. "पोस्टमनची?"

शेवटी एकदा कुशाबानं लाजत लाजत धोंड्याची, हाकांची आणि भैरूची गोष्ट सांगितली. मास्तर आधी खदाखदा हसला आणि मग हळूच छातीवर क्रूस काढला. "पण बाबा, म्युझिकमध्ये भूत कुठून आलं?"

"मास्तर," कुशाबा म्हणाला, "तुमी डोळे मिटून वाजवता, तवा कोन वाजवतंय ते तुमाला तरी ठावं असतं का?"

मास्तरनं ट्रम्पेट खाली मांडीवर घेतलं. त्यानंतर त्या गोष्टीवर तो कधी हसला नाही. एवढंच म्हणाला, "जिवंत गाणं एकदाच हाक मारतं रे. एकदाच."

दारूबंदी झाली. साहेबांच्या पेल्याबरोबर नाचही आटला आणि नाचाबरोबर बँड. पन्नास साली मास्तर गोव्याच्या बोटीत बसला. धक्क्यावर त्यानं आपलं जुनं ट्रम्पेट कुशाबाच्या हातात दिलं, नवं पेटीतून काढलं आणि चार सूर वाजवले. तीन चढते, आणि चौथा अधांतरी सोडलेला, जसा पाहुणा उंबऱ्यापर्यंत येऊन "येऊ का?" म्हणत थांबावा.

"जवाब दे," मास्तर म्हणाला.

कुशाबानं ट्रम्पेट ओठाला लावलं. हाडातली आई म्हणाली, थांब. तेवढ्यात बोटीनं भोंगा दिला.

"लेट, मॅन. फिर लेट," मास्तर हसत हसत वर चढला. "घरी जाऊन दे. मी ऐकतो."

पुढे गोव्याच्या वाटा बंद झाल्या. ना पत्र, ना निरोप. कुशाबाच्या छातीत ते चार सूर तेवढे अडकून राहिले, घशात माशाचा काटा राहावा तसे.

माचवाडीत परतल्यावर नाचणी-भाताची शेती होतीच. लग्नसराईत मात्र तो महाडला सहदेवच्या बँडमध्ये वाजवायचा. सहदेव त्याच्यावर खूश होता, कारण कुशाबा ठरल्या चालीत तसूभर फरक करायचा नाही. फक्त एकदा, बिरवाडीच्या एका वरातीत, त्याला मास्तरची आठवण दाटून आली आणि त्यानं ट्रम्पेटच्या तोंडावर नारळाची करवंटी धरून वाजवलं. मास्तर आपली टोपी धरायचा तसं. त्यातून असा काही गळा काढलेला आवाज निघाला, की नवरीनं भोकाड पसरलं आणि घोडा मागे वळून घरी निघाला.

"कुशाबा, वरात हाय, मयत नाय!" सहदेव कळवळला.

बाकी त्याची खरी तालीम चालायची ती धोंड्यावर, भर दुपारी, गुरं चरत असताना. ते चार सूर वाजवायचे आणि जवाब शोधायचा. समोरचा कडा त्याचे सूर इमानानं परत करायचा, पण सवालाचा सवालच. आपणच हाक मारून आपणच ओ देणं हे आपल्याच हातानं आपल्याला गुदगुल्या करण्यासारखं आहे. हात दमतो, हसू येत नाही. बारा वर्षं हे चाललं. इकडे घरी बयाबाई जेवायला हाक मारायची, तीही तीनदा. भाकरी निवायची ती निवायचीच. "पैल्या हाकेला उठलाव तर काय मी गिळनार हाय तुमाला?" असं ती रोज विचारायची, आणि तेही तिला तीनदा विचारावं लागायचं.

बासष्ट सालच्या श्रावणात कुशाबाचा वरचा पुढचा दात हलायला लागला. महाडच्या दातांच्या डॉक्टरनं तो दोन बोटांत धरून पाहिला. "गौरी-गणपतीपर्यंत राहिला तर नशीब," तो म्हणाला. ट्रम्पेट वाजवायचं ते ओठानं, पण ओठ टेकतो तो त्या दातावर. दात गेला की आवाज गेला. आणि जवाब तर अजून द्यायचाच होता.

ट्रम्पेटची पिशवी काखेत मारून तो दिवस मावळायच्या आत वाडीत पोचला, तर वाटेवर कोंडाजी उभा.

"आज दुपारी झ्याक वाजवलंस रे," कोंडाजी म्हणाला. "बारा वर्षांत पैल्यांदा बरं वाटलं कानाला."

"मी महाडला होतो."

"मंग हे पिपानं कुनाकडं दिलं हुतंस?"

कुशाबानं काखेतली पिशवी दाखवली. कोंडाजी पिशवीकडे बघत राहिला. मग दरीकडे. मग हळू आवाजात त्यानं ऐकलेलं गुणगुणून दाखवलं. तीन चढते, आणि चौथा अधांतरी.

"किती वेळा?" कुशाबानं विचारलं.

"दोनदा. मंग गप."

एवढं बोलून कोंडाजी घरात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. थट्टा केली नाही. कोंडाजी थट्टा न करता घरात गेला, याइतकं भयंकर माचवाडीत भैरूनंतर काही घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुशाबा धोंड्यावर गेला. दरी धुक्यानं भरलेली. धुक्यात कड्याचा पडसाद उमटत नाही. धुकं आवाज गिळतं, हे पोरंही जाणतात. कुशाबानं मुद्दाम ट्रम्पेट मांडीवर ठेवलं, ओठाला लावलंच नाही. वारा पडलेला. झाडावरचं टपकणंसुद्धा थांबलेलं. मग चरणाऱ्या गुरांनी एकदम माना वर केल्या, सगळ्यांनी एकाच बाजूला, आणि खालून, धुक्याच्या पोटातून, ते चार सूर आले.

सूर स्वच्छ होते. तिसऱ्या आणि चौथ्या सुराच्या मध्ये मास्तर घ्यायचा तो चोरटा श्वासही त्यात होता.

थोड्या वेळानं पुन्हा आले. कुशाबानं ट्रम्पेट ओठाला लावलं आणि सवयीनं वाट बघत राहिला. तिसरी हाक आली नाही. गुरांनी माना खाली घातल्या.

हे सहा दिवस चाललं. रोज दुपारी दोनदा, रोज कुशाबा ओठाला पितळ लावून थिजलेला, आणि रोज दात थोडा जास्त हलणारा. वाडीत दुपारी कुणी बाहेर पडेना. दरीपलीकडून येणाऱ्या बातम्या बंद झाल्या. म्हशी व्यायच्या त्या गुपचूप व्यायल्या. याच आठवड्यात पोलादपूरचा पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. वर नुकत्याच मोकळ्या झालेल्या गोव्याचा शिक्का, आत इंग्रजी कागद. पोलादपुरात हायस्कूलचे मास्तर वाचून देत, पण कुशाबानं पाकीट तसंच ट्रम्पेटच्या पिशवीत टाकलं.

"वाचून तरी आना," बयाबाई म्हणाली.

"नको गो. कागद वाचला की मानूस एक तर जित्ता निघनार, नायतर मेलेला. वाचला नाय तोवर दोनी हाय."

सातव्या दिवशी सकाळी घरात ट्रम्पेट मिळेना. कुशाबानं माळा धुंडाळला, गोठा धुंडाळला. बयाबाई चुलीपुढे पाठ करून बसली होती, आणि तिच्या पाठीवरूनच कळत होतं की तिला ठाऊक आहे.

"कुठं ठेवलंस गो?"

"भैरू मामंजींचं काय झालं, इसरलाव?" ती वळली नाही. "सोळा वर्षं मुंबईला दिला तुमाला. आता दरीला दिऊ?"

कुशाबा तिच्याजवळ जाऊन खाली बसला. "बारा वर्षं कोनीतरी माज्या जबाबाची वाट बगतंय. उद्या दात पडला तर मी काय दिऊ त्येला, टाळी?"

बयाबाई हसली नाही, पण तिची पाठ थोडी सैल झाली. तिनं उठून भाताच्या कणगीत हात घातला आणि ट्रम्पेट ओढून काढलं. "जावा," ती म्हणाली. "पन मी हितं दारात उभी हाय. तुमचं झालं की हाक मारीन. तिसरीला तरी ओ द्याया हवी. नाय दिलीत, तर मी धुक्यात उतरनार. मंग पोरं नातवंडं, तुमचं तुमी बगा."

सातव्या दुपारी धुकं अंगणापर्यंत चढलं होतं. चाळीस पावलांवरचा धोंडा दिसत नव्हता. कुशाबा त्यात शिरला आणि पुसून टाकल्यासारखा नाहीसा झाला. त्यानं एकदा फुंकर मारून पाहिली, तर आतून मूठभर भाताचा कोंडा उडाला. एरवी त्याला हसू आलं असतं.

गुरांनी माना वर केल्या.

पहिला सूर आला. दुसरा. तिसरा. हाडातली आई म्हणाली, थांब. कुशाबानं डोळे मिटले. "आये, आता नाय," एवढंच तो मनात म्हणाला, आणि चौथा सूर अधांतरी सुटतोय न सुटतोय तोच त्यानं ट्रम्पेट फुंकलं.

काय वाजवलं ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. वाडीनं मात्र दारं लावून घेऊनही ते ऐकलं. त्यात गुरांच्या घंटा होत्या, बोटीचा भोंगा होता, वरातीतल्या नवरीचं भोकाड होतं, दरीवरून उडालेल्या हाका होत्या, आणि हे सगळं मिळून त्या उंबऱ्यावर अडलेल्या पाहुण्याला "ये" म्हणत होतं. कुठंच ऐकलेलं नव्हतं, तरी प्रत्येकाला ओळखीचं वाटलं. क्षणभर दरी गप्प झाली. मग धुक्यातून दुसरा सवाल आला, नवा, आधी कधी न आलेला. कुशाबानं तोही झेलला. मग तिसरा. कोंडाजी पुढे शपथेवर सांगायचा की ट्रम्पेटं दोन होती. बयाबाई दारात उभी होती, तिलाही दोन ऐकू येत होती, आणि तिची खरी भीती ही होती की थोड्या वेळानं अलीकडचं कुठलं आणि पलीकडचं कुठलं हे तिला कळेनासं झालं.

मग दोन्ही एकदमच थांबली.

बयाबाईनं दहा श्वास मोजले. तीन हाकांची तयारी करून, छाती भरून घेऊन तिनं पहिली मारली, "अवोऽऽ"

"ओ!"

तिची हाक संपायच्या आत आली. बयाबाईनं दाराची चौकट धरली. तीस वर्षांच्या संसारात हे कधी झालं नव्हतं. धुक्यातून कुशाबा बाहेर आला. हनुवटीवर रक्ताचा ओघळ, तळहातावर दात, आणि तोंडभर, एका दातानं कमी असं, हसू.

"दिला गो," तो म्हणाला. "जबाब दिला."

दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन तो पोलादपूरला गेला. हायस्कूलच्या मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं. पत्र बोस्त्यांवच्या भाच्याचं होतं. मामा वैशाखात वारले. शेवटच्या दिवसांत रोज दुपारी ते ट्रम्पेटवर तेच चार सूर वाजवायचे, दोनदा, आणि मग कानामागे हात धरून ऐकत बसायचे. तिसऱ्यांदा वाजवायला त्यांच्या छातीत दम नव्हता. माझा डोंगरातला दोस्त तिसऱ्या हाकेला जवाब देतो, असं ते म्हणायचे. तिसरी हाक तुम्ही कुणीतरी मारा, असं शेवटी आम्हाला सांगून गेले. आम्हाला वाजवता येत नाही, म्हणून हे पत्र लिहिलं आहे. हीच तिसरी समजावी.

मास्तरांनी कागदाची घडी घालून परत दिली. कुशाबानं ती पुन्हा पाकिटात घातली. तिसरी हाक इतके दिवस पिशवीतच पडून होती, ट्रम्पेटच्या शेजारी. आणि ती न वाचताच त्यानं ओ दिली होती.

जवाब दिला त्या दुपारपासून दरी गप्प झाली. दात नसलेल्या कुशाबाची बँडमधली ट्रम्पेटची जागा सहदेवनं दुसऱ्याला दिली आणि जुन्या माणसाला उघड्यावर कसं सोडायचं म्हणून त्याच्या हातात वाजवायला दिली ती झांज. ही बातमी कळली तेव्हा कोंडाजीनं आठवड्याभरात पहिल्यांदा दार सताड उघडलं.

"शेवटी झांजच ना रे!" तो अंगणातून ओरडला. "मंग उगाच मुंबईला कशाला गेलतास?"

वाडी हसली. कुशाबाही हसला, आणि या वेळी त्याच्या हसण्यामागे काही लपलेलं नव्हतं.

हसली नाही ती बयाबाई. त्या दिवसापासून कुशाबा रोज पहिल्या हाकेला ओ द्यायचा. आणि मग भाद्रपदातल्या एका धुक्याच्या दुपारी भाकरी तव्यावर फुगली, आता ह्यांना हाक मारावी असं तिच्या नुसतं मनात आलं, तोंड अजून उघडायचं होतं, आणि पडवीतून आवाज आला,

"ओ!"

बयाबाईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. तिनं दारातून डोकावून पाहिलं. कुशाबा पडवीत बसला होता, मान किंचित दरीकडे कललेली, बोटं गुडघ्यावर कसलासा ताल धरून हलत होती. त्यानं वळून तिच्याकडे बघितलं. चेहरा तोच होता. हसणंही तेच, पुढच्या खिडकीसकट.

मग आत जाऊन तिनं ताट वाढलं आणि त्याच्यापुढे आणून ठेवलं. तो जेवायला लागला. भाकरीतून वाफ निघत होती.

जो कुणी असेल तो, बयाबाई मनाशी म्हणाली, गरम भाकरी तरी खातोय.

"ओ," कुशाबा म्हणाला.